वापरलेली एसयूव्ही घेताना काचा, सनरूफ आणि आतली ओल कशी तपासावी

वापरलेली एसयूव्ही पाहायला गेलेला ग्राहक बॉनेट उघडतो, टायरची नक्षी तपासतो, किलोमीटरच्या आकड्याविषयी शंका घेतो. काचांवरून मात्र त्याची नजर आरपार निघून जाते. नाशिकमध्ये या दुर्लक्षाचा परिणाम सहसा जुलैत कळतो. शहरात पाऊस बेताचा असला, तरी त्याच गाडीने इगतपुरी किंवा त्र्यंबकेश्वर गाठले, की तासन्‌तास संततधार अंगावर घ्यावी लागते आणि मे महिन्यात ठणठणीत कोरड्या वाटलेल्या गाडीत पायाखालची मॅट ओली लागते. काच, रबर आणि सनरूफ यांचे मूळ दोष बहुतेक वेळा किरकोळ असतात. त्यांतून आत शिरलेले पाणी जे नुकसान करते, ते किरकोळ नसते. म्हणून येथे सुटे भाग बदलण्यापेक्षा दोष ओळखण्यावर आणि पाण्याची वाट शोधण्यावर अधिक भर दिला आहे.

सनरूफचा प्रश्न आता अधिक जणांना भेडसावणार आहे, याला एक साधे कारण आहे. 2019 मध्ये बाजारात आलेल्या ह्युंदाई व्हेन्यू, महिंद्रा एक्सयूव्ही 300 आणि एमजी हेक्टर यांच्या वरच्या व्हेरियंटमध्ये सनरूफ होते, आणि त्या काळातल्या गाड्या आज जुन्या बाजारात मुबलक मिळतात. इतक्या वर्षांत ऊन खाल्लेले रबर कडक झालेले असते आणि पाणी वाहून नेणाऱ्या नळ्यांत धूळ साचलेली असते. त्यापूर्वीच्या स्कॉर्पिओ, बोलेरो किंवा डस्टर घेणाऱ्यांची सनरूफची चिंता बहुधा वाचते, परंतु काचांची आणि रबरांची वाचत नाही.

काचेच्या कोपऱ्यातील खुणा

पाहणीला जाताना एक चांगली बॅटरी (टॉर्च), पाण्याची बाटली आणि थोडे टिश्यू पेपर सोबत ठेवावेत. शक्य असल्यास गाडी धुऊन ठेवू नये, अशी विनंती विक्रेत्याला आधीच करावी, कारण धुतलेल्या गाडीवर धुळीने उमटलेले पाण्याचे ओघळ दिसत नाहीत.

प्रत्येक काचेच्या कोपऱ्यात उत्पादकाचे नाव आणि भारतीय मानकाची खूण छापलेली असते. भारतात बनलेल्या काचांवर आयएसआय चिन्हासह आयएस 2553 हा क्रमांक आढळतो. अनेक उत्पादक त्याच ठिकाणी वर्षाचा अंक देतात आणि महिना ठिपक्यांनी दर्शवतात. गाडीच्या सर्व काचा एकाच उत्पादकाच्या आणि गाडीच्या निर्मितीच्या सुमारासच्या असतील, तर काचा मूळच्या आहेत असे मानता येते. केवळ पुढची काच वेगळी निघाली, तर लगेच अपघाताचा निष्कर्ष काढू नये. मुंबई-आग्रा महामार्गावर खडीच्या डंपरमागून चाललेल्या गाडीची काच बदललेली असणे ही नित्याची बाब आहे. एकाच बाजूच्या दोन काचा बदललेल्या असतील आणि त्या बाजूच्या दारांच्या रंगाची छटा किंचित वेगळी दिसत असेल, तर मात्र गाडीला बाजूने मार बसला असावा, असा संशय घ्यायला जागा आहे.

पुढची काच

पुढची काच लॅमिनेटेड असते, म्हणजे काचेच्या दोन थरांमध्ये पीव्हीबी नावाच्या पारदर्शक प्लास्टिकचा पातळ पडदा असतो, आणि म्हणूनच ती फुटली तरी तुकडे त्या पडद्याला चिकटून राहतात. बाजूच्या काचा बहुधा टफन्ड असतात. त्या फुटल्या की त्यांचा बोथट कडांचा चुरा होतो. या फरकामुळे पुढच्या काचेची लहानशी टिचलेली जागा दुरुस्त करता येते, बाजूच्या काचेची मात्र करता येत नाही.

टिचलेल्या जागेवरून आतल्या आणि बाहेरच्या बाजूने नख फिरवून पाहावे. केवळ बाहेरून खड्डा लागत असेल, तो साधारण नाण्यापेक्षा लहान असेल, चालकाच्या थेट दृष्टिरेषेत नसेल आणि काचेच्या कडेपासून दूर असेल, तर त्यात पातळ रेझिन भरून अतिनील दिव्याखाली ते कडक करतात आणि तडा पसरणे थांबते. खूण पुसटशी राहते, ती पूर्णपणे जाईल असे कोणी सांगितले तर विश्वास ठेवू नये. खड्ड्यात धूळ आणि पाणी शिरण्यापूर्वी हे काम झाले तर ते अधिक चांगले होते. तोवर त्या जागेवर पारदर्शक चिकटपट्टी लावून ठेवावी. काचेच्या कडेपर्यंत पोहोचलेला तडा मात्र दुरुस्तीच्या पलीकडे गेला असे समजावे, कारण कडेवर सर्वाधिक ताण असतो. मे महिन्यात उन्हात तापलेल्या गाडीत बसताच एसीचा पूर्ण झोत काचेकडे वळवला, किंवा तापलेल्या काचेवर गार पाणी ओतले, की कालपर्यंत इंचभर असलेला तडा हातभर होऊ शकतो. अशा गाडीत आधी दोन्ही बाजूंच्या काचा उतरवून गरम हवा बाहेर जाऊ द्यावी.

ओरखडे दुपारी दिसत नाहीत. त्यासाठी सायंकाळी त्र्यंबक रस्त्याने पश्चिमेकडे गाडी चालवून पाहावी, म्हणजे उतरते ऊन समोरून काचेवर येते आणि वायपरने काढलेल्या कमानीसारख्या रेषा स्पष्ट दिसतात. सकाळी हीच चाचणी निफाडच्या दिशेने घेता येते. धुळीच्या दिवसांत कोरड्या काचेवर वायपर फिरवण्याच्या सवयीमुळे या रेषा पडतात. नखाला न लागणाऱ्या रेषा सेरियम ऑक्साइडच्या पॉलिशने बऱ्याच कमी होतात. नखाला लागणाऱ्या रेषा घासून काढण्याचा प्रयत्न केल्यास काच तेवढ्या भागात असमान होते आणि समोरचे दृश्य वेडेवाकडे दिसू लागते, त्यामुळे त्या वाटेला जाऊ नये. बोअरच्या पाण्याने गाडी धुऊन उन्हात वाळू दिल्याने पडलेले पांढरे डाग ही निराळी बाब आहे. ते क्षारांचे असतात आणि पातळ व्हिनेगरमध्ये भिजवलेले कापड काही मिनिटे ठेवून पुसल्यास ताजे डाग सहसा निघतात.

काच पूर्वी बदललेली असेल, तर तिची चिकटवणी तपासणे हे ती कोणत्या कंपनीची आहे हे पाहण्यापेक्षा महत्त्वाचे आहे. आजच्या एसयूव्हीत पुढची काच पॉलियुरेथेन सीलंटने बॉडीला चिकटवलेली असते. ती छताच्या मजबुतीला हातभार लावते आणि बऱ्याच गाड्यांत शेजारच्या प्रवाशाची एअरबॅग फुगताना तिचाच आधार घेते. म्हणून कडेच्या मोल्डिंगखाली बाहेरून सिलिकॉनची ओबडधोबड रेघ ओढलेली दिसली, तर गळती दाबण्याचा तो तात्पुरता उपाय आहे असे समजावे. काचेच्या वरच्या कोपऱ्यांत रंगाखाली फुगवटे आले असतील, तर जुनी काच काढताना पत्र्यावर ओरखडे पडून तेथे गंज धरला असण्याची शक्यता मोठी असते. गंजलेल्या कडेवर सीलंट टिकत नाही, आणि ती कड साफ करून, प्रायमर लावून पुन्हा काच बसवणे हे अर्ध्या दिवसाचे काम राहत नाही.

स्वतः काच बदलून घेण्याची वेळ आली, तर काम चालू असताना तेथे थांबणे इष्ट. जुन्या सीलंटचा पातळ थर तळाशी ठेवून बाकीचे कापले जात आहे ना, उघड्या पडलेल्या पत्र्याला प्रायमर लावला जात आहे ना, आणि नवी काच आपल्याच व्हेरियंटची आहे ना, एवढे पाहावे. रेन सेन्सर किंवा कॅमेऱ्याची बैठक नसलेली काच दिसायला तशीच असते. चालकाला साहाय्य करणारा कॅमेरा काचेमागे असेल, तर काच बदलल्यानंतर त्याचे कॅलिब्रेशन, म्हणजे त्याची नजर पुन्हा अचूक जुळवणे, करावेच लागते, आणि ते न करता गाडी हाती देणाऱ्याकडे ती परत नेऊन ते करून घ्यावे. हे सीलंट हवेतील ओलाव्याने घट्ट होते, त्यामुळे जानेवारीतल्या कोरड्या थंडीत त्याला पावसाळ्यापेक्षा अधिक वेळ लागतो. गाडी किती वेळाने चालवायची, हे सीलंटच्या उत्पादकाने दिलेल्या सूचनेप्रमाणे ठरवावे. पहिला दिवसभर एक काच बोटभर उघडी ठेवावी, दारे आपटू नयेत आणि एक-दोन दिवस प्रेशरने गाडी धुऊ नये.

दारांच्या काचा

प्रत्येक काच दोनदा पूर्ण खाली-वर करावी: एकदा चालकाच्या दारावरील स्विचने आणि एकदा त्या त्या दारावरील स्विचने. या एका चाचणीत बरेचसे निदान होते. एका स्विचने काच चालते आणि दुसऱ्याने चालत नाही, तर दोष बहुधा स्विचमध्ये आहे. मागच्या काचा त्यांच्या दारांवरील स्विचने अजिबात चालत नसतील, तर आधी चालकाजवळचे लॉकचे बटण दाबलेले नाही ना ते पाहावे. मुलांनी दाबलेल्या या बटणामुळे गॅरेजची फेरी पडल्याची उदाहरणे कमी नाहीत. कोणत्याच स्विचने काच हलत नसेल, तर इंजिन बंद ठेवून केवळ इग्निशनवर स्विच दाबावा आणि आतल्या दिव्याकडे पाहावे. दिवा किंचित मंदावला, तर मोटरपर्यंत वीज पोहोचते आहे आणि काच किंवा यंत्रणा कोठेतरी अडकली आहे. दिवा मुळीच मंदावला नाही, तर फ्यूज, स्विच किंवा वायर यांकडे वळावे. दार आणि बॉडी यांच्यामधल्या रबरी नळीतून जाणाऱ्या वायरी दार उघड-मिट होताना वाकतात आणि काही वर्षांनी आतून तुटतात. दार अर्धवट उघडल्यावर काच चालू लागत असेल, तर दोष तेथेच शोधावा.

काच हळू चढते, हा सर्वांत सामान्य आणि सर्वांत स्वस्त दोष आहे. काच ज्या रबरी चॅनलमधून सरकते, त्यात धूळ बसते. द्राक्षाच्या हंगामात बागांतल्या मातीच्या रस्त्यांवर फिरलेल्या गाडीत तर ती हमखास असते. ओल्या पातळ फडक्याने चॅनल आतून पुसून घ्यावा, वाळू द्यावा आणि त्यावर सिलिकॉन स्प्रे मारून काच काही वेळा खाली-वर करावी. इंजिन ऑइल किंवा ग्रीस चॅनलमध्ये कधीही लावू नये, कारण त्याला धूळ चिकटून चिखल होतो आणि रबर फुगते. एवढे करून काच पूर्ववत चालू लागली, तर मोटर बदलण्याचा सल्ला देणाऱ्याचे आभार मानून निघावे.

कटकट आवाज येऊन काच तिरकी होत असेल किंवा दारात खाली पडली असेल, तर काच उचलणारी मशीन गेलेली असते. बऱ्याच गाड्यांत ही मशीन केबलची असते आणि तिच्यातले प्लास्टिकचे मार्गदर्शक तुकडे ठिसूळ होऊन तुटतात. काही गाड्यांत केवळ तो तुकडा मिळतो, काहींत पूर्ण मशीन घ्यावी लागते. विचारण्याआधी पैसे देऊ नयेत. वाटेत काच पडली, तर दारावर दोन्ही तळहात बाहेरून-आतून काचेला दाबून ती वर सरकवता येते, आणि वरच्या चौकटीला चिकटपट्टी लावून घरापर्यंत येता येते. तोवर त्या स्विचला हात लावू नये.

गाडीची बॅटरी काढून पुन्हा लावल्यावर एका दाबात वर जाणारी काच अर्ध्यातून परत खाली येऊ लागली, तर तो बिघाड नसून यंत्रणा आपली जागा विसरलेली असते. बहुतेक गाड्यांत काच पूर्ण वर नेऊन स्विच काही सेकंद तसाच ओढून धरल्यास ती पुन्हा शिकते. नेमकी पद्धत गाडीच्या पुस्तिकेत असते.

दाराच्या आत पाणी जाणे स्वाभाविक आहे, ते खालच्या छिद्रांतून बाहेर पडते. ही छिद्रे मातीने बुजली, तर दारात पाणी साचून हलवल्यावर डुचमळण्याचा आवाज येतो. काडीने छिद्रे मोकळी केली की प्रश्न मिटतो. याहून अधिक त्रास देणारी बाब म्हणजे दाराच्या पॅडमागची प्लास्टिक शीट. बाहेरून स्पीकर बसवताना ती फाडलेली असते किंवा नीट चिकटवलेली नसते, आणि मग दारातले पाणी थेट कार्पेटवर उतरते. बाहेरचे स्पीकर बसवलेल्या गाडीत ही शंका आधी घ्यावी, आणि पॅड उघडले जाईल तेव्हा, "दादा, आतली शीट ब्यूटिल टेपने सगळीकडून बंद करा, मगच पॅड लावा," एवढे आवर्जून सांगावे.

सनरूफ

सनरूफविषयी सर्वांत मोठा गैरसमज असा, की त्याचे रबर पाणी पूर्णपणे अडवते. तसे ते अडवत नाही, आणि तशी त्याची रचनाही नसते. काचेभोवतीच्या रबराला ओलांडून थोडे पाणी आत येणारच, हे गृहीत धरून काचेखाली एक पन्हाळ ठेवलेली असते. तिच्या कोपऱ्यांतून, बहुधा चारही, नळ्या निघतात. पुढच्या दोन नळ्या समोरच्या काचेशेजारच्या खांबांतून आणि मागच्या दोन मागील खांबांतून उतरून चाकांच्या किंवा दारांच्या आसपास गाडीखाली पाणी सोडतात. म्हणून सनरूफ गळते तेव्हा दोषी बहुतेक वेळा रबर नसते, तर तुंबलेली किंवा निखळलेली नळी असते. नवे रबर लावण्यावर, किंवा त्याहून वाईट म्हणजे काचेभोवती सीलंट थापण्यावर खर्च करणाऱ्याला ही गोष्ट कोणीतरी आधी सांगायला हवी असते.

तपासणी सोपी आहे. गाडी सपाट जागी उभी करून सनरूफ उघडावे आणि पन्हाळीच्या पुढच्या एका कोपऱ्यात कपभर पाणी अगदी सावकाश ओतावे. ते लगेच निघून गेले पाहिजे आणि त्याच बाजूला गाडीखाली धारेने पडताना दिसले पाहिजे. असे प्रत्येक कोपऱ्यात करावे. मागच्या कोपऱ्यांपर्यंत हात पोहोचत नसेल, तर गाडीचा पुढचा भाग किंचित उंचावर घेऊन पाणी मागे जाऊ द्यावे. पाणी पन्हाळीत थबकले, तर नळी तुंबली आहे. पाणी निघून गेले आणि खाली मात्र पडले नाही, तर ते गाडीच्या आत गेले आहे, आणि हा दोष पहिल्यापेक्षा गंभीर आहे, कारण नळी सांध्यातून निखळलेली असते आणि ती बसवण्यासाठी छताचे अस्तर उतरवावे लागते. विक्रेत्याने या कपभर पाण्याला हरकत घेतली, तर ती हरकतच पुरेसे उत्तर मानावे.

तुंबलेली नळी मोकळी करण्यासाठी गवत कापण्याच्या यंत्राची नायलॉन दोरी उत्तम. तिचे टोक मेणबत्तीवर गोलसर करून ती हलक्या हाताने नळीत सरकवावी, मागेपुढे करावी, मग कोमट पाणी सोडावे. तार वापरू नये, कारण ती नळीला भोक पाडते. टायरच्या दुकानातील कंप्रेसरने जोरात हवा मारणे हा सर्रास केला जाणारा उपाय आहे आणि माझ्या मते तोच सर्वांत घातक आहे. पूर्ण दाबाच्या हवेने नळी सांध्यातून निखळते आणि तुंबलेल्या नळीचा साधा प्रश्न अस्तर उतरवण्यापर्यंत जातो. काही गाड्यांत नळीच्या खालच्या टोकाला रबरी टोपी असते आणि गाळ तेथेच अडकतो, म्हणून खालूनही पाहावे. कडुनिंब किंवा गुलमोहर यांच्याखाली रोज उभी राहणारी गाडी असेल, तर बारीक पाने आणि पाकळ्या पन्हाळीत साचत राहतात. अशा गाडीची पन्हाळ महिन्यातून एकदा ओल्या फडक्याने पुसावी आणि नळ्या वर्षातून दोनदा तपासाव्यात, त्यांपैकी एकदा मे संपण्यापूर्वी.

सनरूफची हालचालही पूर्णपणे पाहावी: तिरके उघडणे, मागे सरकणे, बंद होणे, आणि आतला पडदा. काच एका बाजूने मागे राहून तिरपी होत असेल, तर रुळांतील सरकता भाग झिजलेला किंवा तुटलेला असतो, आणि जबरदस्तीने बटण दाबत राहिल्यास केबलही जाते. रुळांतली जुनी, काळी पडलेली ग्रीस कापडाने पुसून उत्पादकाने सांगितलेलीच ग्रीस थोडी लावावी. बंद काचेची पातळी बोट फिरवून पाहावी. पुढची कड छताच्या बरोबरीने किंवा किंचित खाली आणि मागची कड बरोबरीने किंवा किंचित वर असायला हवी. याच्या उलट असेल, तर महामार्गावर वाऱ्याचा घोंघाट होतो. काचेच्या बाजूचे स्क्रू सैल करून पातळी जुळवता येते. पॅनोरॅमिक सनरूफ उघडून अडकलेले असेल, तर मात्र किंमत कमी करून मिळाली तरी ती गाडी घेऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे, कारण तेथे अनेकदा पूर्ण चौकटच बदलावी लागते. आणि कारखान्यातून सनरूफ नसलेल्या गाडीला छत कापून बाहेर सनरूफ बसवलेले दिसले, तर पुढे पाहण्याचे कारणच उरत नाही.

ओल कोठून आली

गाडीत बसताच परफ्यूमचा वास नाकात भिनला, तर मॅट उचलून कार्पेटखाली हात घालावा. कार्पेटच्या खालचा फोम आठवडेच्या आठवडे पाणी धरून ठेवतो, वरून मात्र कार्पेट कोरडे लागते. सीट पुढे-मागे सरकवून तिच्या रुळांवरील आणि बोल्टवरील गंज पाहावा. काच आतून सतत धूसर होणे हेही ओलीचेच लक्षण असू शकते. कसारा घाटात पावसात काच धूसर झाली, तर आधी बोट फिरवून बाष्प आतल्या बाजूला आहे की बाहेरच्या, हे ओळखावे. बाहेरचे असेल तर वायपरने जाते, आणि एसी फार थंड ठेवल्यामुळे ते आलेले असते. आतले असेल तर एसी चालू ठेवून झोत काचेकडे वळवल्यास काही क्षणांत निवळते. निवळून पुन्हा पुन्हा येत असेल, तर गाडीत कोठेतरी पाणी मुरलेले आहे.

सर्वच पाणी पावसाचे नसते. केवळ एसी चालू असताना समोरच्या प्रवाशाच्या पायाजवळ स्वच्छ पाणी जमत असेल, तर एसीची निचऱ्याची नळी तुंबलेली असते. चिकट, गोडसर वासाचे पाणी हीटरमधून गळणाऱ्या कूलंटचे असते. अस्तराच्या मागच्या भागात डाग असेल आणि मागचा वायपर पाणी मारत नसेल, तर छतातून मागे जाणारी वॉशरची नळी सुटली आहे का, ते पाहावे. पावसाच्या पाण्याच्या वाटाही अनेक असतात: वायपरखालच्या जाळीत पाने साचून तुंबलेला निचरा, छतावरील अँटेनाच्या बुडाचे रबर, रूफ रेलचे बोल्ट. सनरूफ आहे म्हणून दोष सनरूफचाच, असे धरून चालू नये.

नेमकी वाट शोधण्यासाठी एकाने आत टॉर्च घेऊन बसावे आणि दुसऱ्याने बागेच्या पाइपने, साध्या धारेने, खालून वर असे पाणी सोडावे. आधी दाराची खालची बाजू, मग काचेचा तळ, मग बाजू, शेवटी छत. प्रत्येक ठिकाणी पाच-दहा मिनिटे थांबावे. वरून सुरुवात केल्यास पाणी सर्वत्र ओघळते आणि काहीच कळत नाही. आत सांध्यांवर टिश्यू पेपर लावून ठेवल्यास पहिला थेंब कोठे आला ते दिसते.

गळतीची ओल आणि पुराची ओल यांतला फरकही कळायला हवा. नदीपात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीवरून गोदावरीच्या पुराची उंची सांगणाऱ्या नाशिककराला ऑगस्ट 2019 आठवत असेलच. गळतीचे डाग वरून खाली येतात, म्हणजे अस्तरावर, खांबांच्या आवरणावर, आणि बहुधा एका बाजूला असतात. पुरातल्या गाडीत गाळ खालून वर चढलेला असतो: सीटच्या रुळांत, स्टेपनीच्या खड्ड्यात, पूर्ण बाहेर ओढलेल्या सीटबेल्टच्या शेवटच्या टोकावर. गळतीची गाडी सुधारता येते. पुराची गाडी सोडून द्यावी.

कारण सापडून ते दूर झाल्यानंतरच गाडी वाळवावी. कार्पेट उचलून फोम बाहेर काढावा किंवा त्याखाली आधार देऊन पंखा लावावा. दारे उघडी ठेवून ऊन दाखवणे पुरेसे होत नाही. सीट काढायची असेल, तर तिच्याखालच्या पिवळ्या कनेक्टरना हात लावण्यापूर्वी गाडीच्या बॅटरीची जोडणी सोडवून काही मिनिटे थांबावे, कारण ते एअरबॅगचे असतात.

मागची काच, फिल्म आणि कागदपत्रे

मागच्या काचेवरील तपकिरी रेषा म्हणजे डिफॉगर, काच तापवून बाष्प घालवणाऱ्या तारा. तो चालू करून काच धूसर असताना पाहिल्यास जी रेष तुटली असेल, तिच्या आजूबाजूचे बाष्प तसेच राहते. तुटलेली जागा वीजवाहक रंगाने सांधता येते. जुनी फिल्म ओरबाडून काढताना या रेषा निघतात, म्हणून मागची फिल्म वाफेने सैल करूनच काढून घ्यावी. सर्वोच्च न्यायालयाने 2012 मध्ये गाडीच्या काचांवरील काळ्या फिल्मना मनाई केली. नियमानुसार पुढच्या आणि मागच्या काचेतून किमान 70 टक्के आणि बाजूच्या काचांतून किमान 50 टक्के प्रकाश आत आला पाहिजे. गाडी आपल्या हाती आली, की दंडही आपल्यालाच भरावा लागतो.

विम्याबाबत दोन-तीन गोष्टी आधी माहीत असाव्यात. सर्वंकष पॉलिसीत काचेच्या भागांवर घसारा लावला जात नाही. रबर आणि प्लास्टिकच्या भागांवर मात्र तो 50 टक्के असतो, आणि सक्तीची वजावट, म्हणजे प्रत्येक दाव्यात मालकाने स्वतः भरायची रक्कम, 1500 सीसीपर्यंतच्या खासगी गाडीला 1,000 रुपये, त्यापुढे 2,000 रुपये असते. विनादावा सवलत (नो क्लेम बोनस) गाडीची नसून मालकाची असते, त्यामुळे विक्रेत्याची सवलत आपल्याला मिळत नाही. स्वतःची सवलत मोठी असेल आणि काच साधी असेल, तर दावा न करता खिशातून खर्च करणे अनेकदा स्वस्त पडते. कॅमेरा असलेल्या काचेचा हिशेब मात्र उलट येऊ शकतो. पॉलिसी आपल्या नावावर करण्यासाठी हस्तांतरणापासून 14 दिवसांत विमा कंपनीकडे अर्ज करावा लागतो. त्या वेळी गाडीची पाहणी झाली आणि काचेवरचा तडा नोंदला गेला, तर त्या तड्यासाठी पुढे दावा मिळत नाही. म्हणून काच बदलून देण्याचे विक्रेत्याने कबूल केले असेल, तर ती व्यवहारापूर्वीच बदलून घ्यावी. पुढच्या काचेसोबत तिच्यावरचा फास्टॅगही जातो, कारण एकदा सोललेला टॅग पुन्हा चालत नाही. विक्रेत्याचा टॅग बंद करून आपल्या नावावर नवा घ्यायचाच असतो, तेव्हा काच बदलायची असल्यास तो टॅग नव्या काचेवरच लावावा.